लोपाखिनचं काम पाहून आल्यावर काय बोलावं, काय लिहावं

जळगाव-धुळ्याकडे एखाद्या हौशी संस्थेने रशियन नाटककार चेखवचं 'द चेरी ऑर्चर्ड' बसवलं, की प्रयोगानंतर विंगेत ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, भारी काम झालं." ऐकायला गोड, पण पुढच्या प्रयोगाला नटाच्या उपयोगाचं त्यात काही नाही. त्याने काय केलं आणि कुठे केलं, हे सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी संहिता वाचून जा. सगळी जमली नाही तर निदान तिसरा आणि चौथा अंक. गोष्ट थोडक्यात अशी: कर्जात बुडालेली मालकीण रानेव्स्काया हिची चेरीची बाग लिलावात निघते आणि व्यापारी लोपाखिन ती विकत घेतो. हे नाटक मॉस्को आर्ट थिएटरने 1904 मध्ये रंगमंचावर आणलं. लोपाखिन त्या थिएटरचा नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने करावा असं चेखवच्या मनात होतं; स्तानिस्लाव्हस्कीने गायेव, म्हणजे मालकिणीचा भाऊ, केला. लोपाखिन व्यापारी असला तरी सर्वार्थाने सभ्य माणूस आहे, हे चेखवने पत्रात बजावलं होतं. आपल्याकडे नट नेमका इथे घसरतो. बाग तोडून प्लॉट पाडणारा म्हटला की केळीच्या पट्ट्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एन.ए. प्लॉटवाला दलाल उभा राहतो. मग पहिल्या अंकात वर्षाला पंचवीस हजार रुबलचा हिशेब मांडताना नट डोळे बारीक करतो. खरं तर तो हिशेब मालकिणीची इस्टेट लिलावातून वाचावी म्हणून चाललेला असतो. तिथे त्याच्या बोलण्यात घाई, कळकळ आहे की लबाडी, हे टिपा.

टिपायला छोटी वही आणि पेन्सिल. अंक आणि दोन शब्द पुरेत: "3, किल्ल्या". मोबाइल नको, उजेड नटाच्याही डोळ्यांवर येतो.

तिसऱ्या अंकात मात्र वही मिटा. लिलावाचा निकाल विचारल्यावर तो "मी घेतली" म्हणतो, आणि पुढे विराम आहे. घर सांभाळणारी मालकिणीची मानलेली मुलगी वार्या कमरेच्या किल्ल्या जमिनीवर टाकून निघून जाते. लंबंचवडं भाषण त्यानंतर: कर्जाच्या वर नव्वद हजारांची बोली, बाप-आजा या घरात गुलाम होते, त्यांना स्वयंपाकघरातही पाय ठेवू देत नव्हते. इथली नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच वाक्याला आवाज टिपेला नेणं. मग बाप-आजापाशी पोचेपर्यंत चढायला जागाच उरत नाही. दुसरी चूक दारूची. त्याला कॉन्यॅकचा वास येतोय असं संहितेत आहे, पण तोल सतत जात राहिला तर जिंकल्याचा आनंद आणि शरम दोन्ही दारूच्या खाती जमा होतात. रडणाऱ्या रानेव्स्कायाकडे वळून "माझं का नाही ऐकलंत?" म्हणताना आवाज कुठे मोडला, ते आठवून ठेवा.

चौथ्या अंकात वार्याशी लग्नाचं बोलायचं असतं. ती सामानात काहीतरी शोधते, हा थंडीचं बोलतो: शून्याखाली तीन अंश. ती म्हणते, थर्मामीटर मोडलंय. विराम. बाहेरून हाक येते आणि तो जणू त्या हाकेचीच वाट पाहत असल्यासारखा चटकन निघतो. विरामात मनात सेकंद मोजा. एक-दोनच भरले, तर नट प्रेक्षकांच्या शांततेला घाबरला. नजर वार्याकडे होती, दाराकडे की हातातल्या टोपीकडे? या प्रवेशाबद्दल एक नेमकं वाक्य लिहिता आलं तर बाकी परिच्छेद नसला तरी चालेल.

दोष लिहिण्याआधी तो कोणाचा, ते तपासा. शब्द ऐकू आले नाहीत तर मागच्या रांगेतल्या दोघांना विचारा. कदाचित तुमच्याच डोक्यावर पंखा घरघरत असेल. विराम कापणं दिग्दर्शकाचं असू शकतं, जड वाक्य भाषांतरकाराचं. नटाच्या बोलीत अहिराणी हेल आला म्हणून नाक मुरडू नका. लोपाखिन शेतकऱ्याच्या पोटचा. हेल फक्त त्याचाच असेल आणि मालकांचा नसेल, तर तो मुद्दाम ठेवलेला असण्याचीच शक्यता जास्त.

प्रयोग संपल्या संपल्या एकच गोष्ट सांगा, तीही जमलेली: "किल्ल्या उचलताना थांबलात, ते पोचलं." बाकीचं दुसऱ्या दिवशी, मेकअप उतरल्यावर. पुढचा प्रयोग दोन दिवसांवर असेल तर दोषही एकच सांगा, बदलता येण्याजोगा. चालण्याची ढब दोन दिवसांत बदलत नाही, विराम बदलतो.