दोन वर्षांचं मूल आणि दिवसभराचा प्रवास: या चुका टाळा

पुण्याहून मालवणला निघताना मोबाइलवरचा नकाशा आठ-साडेआठ तास दाखवतो. हे तास मोठ्या माणसांचे आहेत. मागच्या सीटवर दीड ते साडेतीन वर्षांचं मूल असेल तर अकरा धरा, आणि बारा लागले तर कुरकुर करू नका. प्रवासातल्या बहुतेक भानगडींचं मूळ या पहिल्या आकड्यात असतं. आठ तासांत पोचायचंच असं ठरलं की थांबे कापले जातात. थांबे कापले की मूल रडायला लागतं. रडतं म्हणून सीटमधून काढून मांडीवर घेतलं जातं, मांडीवर गप्प बसावं म्हणून हातात मोबाइल दिला जातो, आणि मोबाइल बघता बघता फोंडाघाटाच्या तिसऱ्या वळणावर ते भडाभडा ओकतं. वाचवलेला वेळ मग गाडी पुसण्यात जातो.

दर दीड-दोन तासांनी वीस मिनिटं थांबायचं, हे निघण्याआधीच हिशोबात धरा. आणि थांबणं म्हणजे ढाब्यावरच्या उंच खुर्चीत पुन्हा बसवणं नव्हे. त्याला पळू द्या. गाड्यांपासून लांब, जरा मोकळी जागा बघून.

पहाटे तीनला निघणं

आपल्याकडची ही लाडकी युक्ती. मूल झोपलेलं असतं, रस्ता मोकळा असतो, ऊन चढायच्या आत अर्धं अंतर कापून होतं. सगळं खरं. पण सामान भरून बारा वाजता आडवा झालेला माणूस तीनला उठून गाडी चालवतो आणि पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत शरीर झोपेकडे सगळ्यात जोराने ओढत असतं. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. साडेसहाला मूल ताजंतवानं उठतं, त्याचा दिवस सुरू होतो, आणि त्याच्यासोबत गाडीत रात्रभर जागलेली दोन चिडकी माणसं असतात.

साडेपाच-सहाला निघणं बरं. दुपारच्या झोपेची वेळ रस्त्याच्या सरळ, कंटाळवाण्या टप्प्यात येईल असं बघा. कोल्हापूरमार्गे कोकणात जाणाऱ्यांना सातारा ते कोल्हापूर हा टप्पा त्यासाठी चांगला. समृद्धी महामार्गावर तर ७०१ किलोमीटर सरळच सरळ, मूल छान झोपतं. पण तिथे ‘पुढे कुठेतरी थांबू’ हे चालत नाही. खाणं, पाणी, स्वच्छतागृह कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघून ठेवा, नाहीतर पुढचा इंटरचेंज येईपर्यंत रडणं ऐकत बसावं लागतं. आणि घाटात मूल झोपलेलंच असेल तर देवाचे आभार माना. शू करून घेऊ म्हणून उठवू नका.

‘बांधून काय ठेवलंय लेकराला?’

हे आजीचं वाक्य, आणि ते मायेनेच येतं. त्याला उत्तर देण्याची वेळ निघताना गाडीच्या दाराशी नव्हे, आठवडाभर आधी आणावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सुरक्षा-सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर बारा किलोचं मूल हातात धरून ठेवणं पहिलवानालाही जमणार नाही. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर मूल, हा तर फार वाईट प्रकार, कारण समोरून एअरबॅग त्या मुलावरच उघडते. दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावणं त्याहून वाईट. धडकेत आईचं सगळं वजन मुलावर येतं.

सीट घेतली म्हणजे काम झालं, असंही नाही. चार चुका सारख्या दिसतात. मागे तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर लावलेली असते. सीट गाडीला घट्ट बांधलेली नसते (पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, इंचाहून जास्त सरकली तर सैल आहे). खांद्यावरचे पट्टे ढिले असतात. ते चिमटीत पकडता आले तर अजून ओढा. आणि थंडी म्हणून जाड जाकीट घालून वरून पट्टा बांधलेला असतो. जाकीट काढा, बांधा, मग वरून पांघरूण घाला.

‘आमचं बसतच नाही सीटमध्ये’ ही तक्रार खरी असते, पण सीटची ओळखच प्रवासाच्या दिवशी झालेली असते. दोन आठवडे आधीपासून भाजी आणायला, पेट्रोल भरायला जाताना त्याच सीटमध्ये बसवा. शेजारी एक मोठं माणूस बसलं की निम्मा विरोध मावळतो.

ओकारी: जिथे सगळे अंदाजाने उपाय करतात

आतल्या कानाला वळणं, चढ-उतार कळतात. डोळ्यांना मात्र गाडीची आतली बाजूच दिसते, आणि ती हलत नाही. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून मळमळतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा कमी असतो. दोनच्या पुढे सुरू होतो आणि बारा वर्षांपर्यंत जोरात असतो. म्हणून ‘गेल्या वर्षी तर काही झालं नाही’ या भरवशावर राहू नका.

अडीच वर्षांचं मूल ‘मळमळतंय’ म्हणत नाही. ते जांभया देतं, तोंडाला लाळ सुटते, चेहरा फिका पडतो, चिडचिड करतं किंवा एकदम गप्प होतं. बडबडं मूल ताम्हिणीत किंवा आंबोलीत अचानक शांत झालं तर शहाणं झालं असं समजू नका, पिशवी हातात घ्या.

उपाशीपोटी घाट चढवला तरी त्रास, पोटभर दूध पाजून चढवला तरी त्रास. दूध तर घाटाआधी तासभर नकोच. थोडी इडली, भाकरीचा तुकडा, खाकरा असं कोरडं आणि थोडं द्या. डॅशबोर्डवरची सुगंधी डबी निघायच्या आदल्या दिवशीच काढून टाका. तिच्या वासाने मोठ्यांनाही मळमळतं, फक्त कुणी बोलत नाही. काच दोन बोटं खाली ठेवा. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक घाटात बंद. त्याऐवजी समोर लांबवर दिसणारा ट्रक, डोंगर, माकडं दाखवा. घाटाच्या तोंडाशी दहा मिनिटं थांबून मोकळी हवा दिली तर पुढचं बरंच सोपं जातं. आणि गाडी चालवणाऱ्याने वळणावर शौर्य दाखवू नये, हा उपाय फुकटचा आहे.

औषधांचा गोंधळ वेगळाच. घरात उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन सिरप असतं, म्हणून निघताना चमचाभर पाजलं जातं. पोट बिघडून होणाऱ्या उलटीला ते उपयोगी आहे, पण गाडी लागण्यावर ते चालत नाही. प्रोमेथाझिन चालतं, पण दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचं नसतं, श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्याच जातीच्या इतर औषधांनी काही मुलं झोपण्याऐवजी उधळतात आणि मग सहा तास गाडीत थयथयाट. काय द्यायचं, किती, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि पहिला डोस घरी, सुटीच्या दिवशी देऊन बघा.

एवढं करूनही ओकलंच तर? आधी गाडी सुरक्षित जागी थांबवा. तोंड पुसा, कपडे बदला, रागावू नका. लगेच पाणी ढोसू देऊ नका; दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि मग चमच्या-चमच्याने द्या. सीटचे पट्टे साबणाच्या पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गादीवर खायचा सोडा भुरभुरवून ठेवला की वास बराच कमी होतो.

ओआरएसची पुडी सोबत ठेवा, पण ती किती पाण्यासाठी आहे ते तिच्यावर बघा; मोठी पुडी सहसा एक लिटरची असते. ‘थोडी या कपात, थोडी नंतर’ असं केलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, चोवीस तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. दुकानातली गोड डबाबंद पेयं ओआरएस म्हणून देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, ती उगीच नाही.

खाऊ आणि औषधाची बाटली

लोणावळ्याला थांबलं की चिक्की आली. मागच्या सीटवर एकट्या बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या हातात ती देऊ नका. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, अख्खी द्राक्षं, आवळा सुपारी हे सगळं चार-पाच वर्षांपर्यंत श्वासनलिकेत अडकू शकतं, आणि चालत्या गाडीत धक्का बसला की जास्तच. पुढे बसलेल्यांना ते दिसतही नाही, कारण घास अडकलेलं मूल ओरडत नाही. खाणं शक्यतो गाडी थांबल्यावर, द्राक्षं उभी चिरून.

तापाच्या औषधाबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. पॅरासिटामॉल तीन ताकदींत मिळतं आणि घाईत गल्लत होते. १२ किलोच्या मुलाला एका वेळचा डोस साधारण १८० मिलिग्रॅम. हे ड्रॉप्समधून (दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम) १.८ मिली होतं, ५ मिलीला १२० मिलिग्रॅमच्या सिरपमधून ७.५ मिली, आणि २५० वाल्यातून ३.६ मिली. घरी सिरप वापरणारे प्रवासात लहान बाटली बरी म्हणून ड्रॉप्स घेतात आणि सवयीने साडेसात मिली पाजतात, म्हणजे चौपट. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

ही बाटली, डायपर, दोन जोडी कपडे, ओले रुमाल, उलटीच्या पिशव्या यांची एक वेगळी पिशवी हाताशी हवी. डिकीत, तीन सुटकेसींच्या खाली असलेलं सामान घाटात नसल्यासारखंच. आणि शू सांगायला नुकतंच शिकलेलं मूल असेल तर प्रवासापुरता डायपर बांधायला लाजू नका. शिकलेलं ते विसरत नाही.

‘पाचच मिनिटं’

झोपलंय म्हणून गाडीत ठेवून चहा घ्यायला उतरायचं नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापमान चढतं. एसी चालू ठेवून गेलात तरी मूल आतून लॉक दाबू शकतं. चावी तर खेळायला कधीच देऊ नका.

विमानात

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर, त्यानंतर त्याची स्वतःची सीट. चूक होते ती परतीला: जाताना पावणेदोन, आजोळी राहून येताना दोन पूर्ण, आणि तिकीट दोन्ही बाजूंचं मांडीवरचं. जन्मतारखेचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला, आधार किंवा पासपोर्ट, देशांतर्गत प्रवासातही लागतो. परदेशी जायचं तर बाळाचा पासपोर्ट वेगळा, आणि तो पाचच वर्षांचा असतो. आईबापांच्या दहा वर्षांच्या हिशोबात तो संपलेला लक्षातच येत नाही. बाळाचं दूध आणि खाणं लागेल तेवढं सुरक्षा तपासणीतून नेता येतं. टाकून देऊ नका, फक्त वेगळं काढून दाखवा.

कानांचा त्रास खरा उतरताना होतो. पण लोक उड्डाणालाच दुधाची बाटली संपवतात, मूल झोपतं आणि विमान खाली येताना किंचाळत उठतं. उतरण सुरू होते जमिनीवर टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. तेव्हा जागं करा आणि अंगावर पाजा, सिपरने पाणी द्या किंवा काही चघळायला द्या. गिळण्याने कान आणि घसा जोडणारी नळी उघडते आणि कानातला दाब मोकळा होतो. सर्दी जोरात असेल किंवा कान दुखत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

‘लहान मुलं असलेल्यांनी आधी या’ अशी घोषणा झाली की सगळं कुटुंब धावतं. त्यातून मुलाला विमानात अर्धा तास जास्त बसावं लागतं. एकाने सामान घेऊन पुढे जावं, दुसऱ्याने मुलाला शेवटपर्यंत बाहेर पळवावं. लांबच्या विमानात पाळणा मिळेल या आशेवर दोन वर्षांच्या मुलाला नेऊ नका. त्याला वजनाची मर्यादा असते आणि धट्टंकट्टं मूल तिच्या पुढे गेलेलं असतं.

पोचल्यावर

गावच्या घरी पोचलं की मोठी माणसं ओसरीवर पाय पसरतात. दहा तास बांधून बसलेलं मूल मात्र सुसाट सुटतं, आणि गावचं घर त्याच्या हिशोबाने बांधलेलं नसतं. बुटक्या कठड्याची विहीर, न्हाणीघरातलं गरम पाण्याचं तपेलं, ओट्याखाली ठेवलेली फिनाइलची बाटली, मागच्या दाराला नसलेली कडी. गाडी थांबायच्या आधीच ठरवा की पहिला तास मुलामागे कोण, आणि तो माणूस शक्यतो गाडी चालवलेला नको. चहा आळीपाळीने घ्या.