सॉफ्टवेअर मेंटेनन्सच्या टीमला ट्रेनिंग देताय? या चुका टाळा

"केटी झाली का?" "झाली की, रेकॉर्डिंग पाठवलंय!" हिंजवडीत सपोर्टचं काम केलेल्यांना हा संवाद पाठ असेल. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जुन्या माणसाने नव्याला काम समजावून देणं. चार तासांचं ते रेकॉर्डिंग कुणी शेवटपर्यंत बघत नाही, आणि पहिल्याच नाइट शिफ्टला नवा माणूस सिनिअरला झोपेतून उठवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेंटेनन्सवाल्यांना नवा कोड लिहायला शिकवणं. पंधरा दिवस कोऱ्या पाटीवर एक छोटंसं, सुबक ॲप बनवून घेतात. कामावर मात्र हातात येतो दहा वर्षांचा जुना कोड, लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला, आणि मध्येच एक कॉमेंट: 'हे काढू नका.' का, ते लिहिलेलं नाही! म्हणून कोर्ससाठी नवे प्रश्न रचत बसू नका. बंद झालेली जुनी टिकेटं (नोंदवलेल्या तक्रारी) काढा, दुरुस्तीच्या आधीच्या कमिटवरचा (कमिट म्हणजे कोडमधला नोंदवून ठेवलेला बदल) कोड हातात द्या आणि उत्तर सांगू नका. बिघाड कधी शिरला ते गिट बायसेक्टने, म्हणजे दर तपासणीला निम्मे कमिट बाद करत जाणाऱ्या कमांडने, शोधू दे. 1000 कमिट्समधला दोषी कमिट साधारण 10 तपासण्यांत सापडतो. कोडला हात लावण्याआधी त्याचं आत्ताचं वागणं, चुकीचं असलं तरी, टेस्टमध्ये पकडून ठेवायला लावा. ही सवय स्लाइड दाखवून लागत नाही.

मेंटेनन्स म्हणजे नुसते बग, हा दुसरा गैरसमज. 22 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटीचे दर बदलले. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बग नसला तरी काम निघालंच. अभ्यासाला हेच द्या: जुन्या दराने विकलेला माल आज परत आला, तर आपला कोड कुठला दर लावतो?

आणि अपघाताची तालीम? ती बहुतेक कोर्समध्ये नसतेच. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप रोज होतोय अशी समजूत होती. तो होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली, म्हणून निभावलं. तेव्हा बॅकअप 'कसा घ्यायचा' एवढ्यावर थांबू नका. प्रत्येकाला टेस्ट सर्व्हरवर, घड्याळ लावून, तो परत चढवायला लावा.

चार पर्यायांच्या परीक्षेत सगळेच पास होतात, तिचं कौतुक नको. महिनाभराने बघा, त्यांनी बंद केलेली किती टिकेटं पुन्हा उघडली.