नाताळच्या सुटीत लहान मुलांचा दिवस कसा आखावा: नाशिकच्या थंडीसाठी काही सूचना

डिसेंबरच्या अखेरीस नाशिकमध्ये पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असतो आणि निफाडच्या शिवारात तो आणखी उतरतो. त्याच दिवशी दुपारी मात्र तो २७-२८ अंशांपर्यंत चढलेला असतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री तितक्याच लवकर निवते. मोठ्या माणसांना हा चढउतार सुखाचा वाटतो, पण सकाळी घातलेला स्वेटर दुपारी घामाने भिजवून संध्याकाळी त्याच ओल्या अंगाने वाऱ्यात फिरणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तो बाधू शकतो. म्हणून दोन ते सात वर्षांची मुले असलेल्या घराने सुटीतल्या दिवसाची आखणी उन्हावरून करावी: ऊन गच्चीत येईपर्यंत घरात, ऊन असेतो बाहेर आणि ऊन कलताच पुन्हा घरात. पुढच्या बहुतेक सूचना या एका नियमातूनच निघतात.

इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांना नाताळपासून नववर्षापर्यंत सुटी असते. मराठी शाळांची मोठी सुटी दिवाळीत होऊन गेलेली असल्यामुळे त्यांना हे दिवस पूर्ण मोकळे मिळतातच असे नाही. एकाच इमारतीत दोन्ही प्रकारच्या शाळांची मुले राहतात, तेव्हा सकाळी आपल्या मुलाला खेळायला सवंगडी मिळेलच असे गृहीत धरू नये.

सकाळ

या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्यापूर्वी मुलाला उठवण्याचे काहीही कारण नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची झोप धरून, १० ते १३ तासांची झोप लागते आणि शाळेच्या दिवसांत ती बहुधा अपुरीच राहते. मूल उठल्यावर कोमट पाण्याने तोंड धुवावे आणि पायांत मोजे घालावेत, कारण फरशी दहा वाजेपर्यंत गार असते. त्यानंतर दूध किंवा नाचणीचे सत्त्व द्यावे. न्याहारी पोटभर हवी. तुपाचा शिरा, उपमा किंवा रात्रीची बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, घरात जे सहज होत असेल ते चालते.

कपड्यांच्या बाबतीत एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि त्यावर पुढून उघडणारा स्वेटर असा क्रम ठेवला की अकराच्या सुमारास मूल स्वतःच स्वेटर काढू शकते. डोक्यावरून ओढून घालायचा स्वेटर काढताना होणारे रणकंदन ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. मुलाला थंडी वाजते आहे की गरम होते आहे हे त्याच्या हातापायांवरून ओळखू नये, कारण ते एरवीही गार लागतात. मानेच्या मागे सदऱ्यात हात घालून पाहावे. तिथे घाम असेल तर एक थर कमी करावा.

आंघोळ सकाळी सातला घालण्याचा हट्ट या आठवड्यापुरता सोडून द्यावा. अकरा वाजता, गच्चीत किंवा खिडकीतून आलेल्या उन्हात आधी अंगाला तेल लावावे आणि अर्ध्या तासाने आंघोळ घालावी. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे नाशिकच्या हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ते बाहेर येत नाही; तिळाचे तेल ही अडचण करत नाही. बादलीत आधी गार पाणी घेऊन मग त्यात गरम पाणी मिसळावे, कोपर बुडवून पाहावे आणि पाणी कोमटच ठेवावे. कढत पाण्याने कोरड्या हवेत कातडी अधिकच फुटते. अंग पुसल्यावर ते किंचित ओलसर असतानाच पुन्हा तेलाचा हलका हात फिरवावा आणि ओठांना तूप लावावे.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर येथे थोडे थांबून विचार करावा. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि तो माणसाला काही मिनिटांत बेशुद्ध करू शकतो. असा गिझर न्हाणीघराच्या बाहेरच असावा. तो आत असेल तर तो बाहेर बसवून घेईपर्यंत निदान झरोका पूर्ण उघडा ठेवून आधी बादली भरावी, गिझर बंद करावा, थोडा वेळ दार उघडे ठेवावे आणि मगच मुलाला आत न्यावे. याच कारणाने कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्रभर पेटती ठेवू नये. बाळाच्या उशाशी ओव्याची पुरचुंडी ठेवणे आजीला समाधान देत असेल तर ठेवू द्यावी, मात्र कापूर किंवा कापूर घातलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नये आणि कापराची वडी मुलाच्या हाती लागू देऊ नये, कारण ती पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

खाणे

हिवाळा हा नाशिकमध्ये खाण्याचा ऋतू आहे. मटार, गाजर, मेथी, पेरू, बोरे, आवळे आणि हरभऱ्याचे हिरवे घाटे बाजारात एकदमच येतात. मुलांना कामाला लावण्यासाठी यासारखा मुहूर्त नाही. पाच वर्षांचे मूल मटाराच्या शेंगा सोलू शकते, तीन वर्षांचे मूल मेथीची पाने खुडू शकते आणि दोघांनाही गुळाचा खडा बक्षीस म्हणून पुरतो. काम हळू होईल, निम्मे दाणे जमिनीवर पडतील, पण स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला मोबाइलचा आधार न घेता पाऊण तास मिळतो. दुपारच्या जेवणात बाजरीची गरम भाकरी, लोणी आणि वांग्याचे बिनतिखटाचे भरीत ठेवावे. थंडीत मुले पाणी मागत नाहीत, म्हणून खेळ थांबवून आपणच ते द्यावे.

या सगळ्या समृद्धीत एक धोका मात्र खरा आहे. बागलाणकडची अगाप द्राक्षे डिसेंबरमध्येच बाजारात दिसू लागतात आणि पाहुण्यांच्या घरी वाटी भरून पुढे येतात. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमके अडकेल अशा आकाराचे असते. पाच वर्षांखालच्या मुलाला अखंड द्राक्ष देऊ नये. ते उभे चिरून त्याचे चार तुकडे करावेत. आडवे चिरल्यास गोलाई कायम राहते, म्हणून उभेच चिरावे. हाच नियम अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्चे हरभरे आणि बोरे यांना लागू आहे: दाण्यांचे कूट करावे, बोरातली बी काढून गर द्यावा आणि खाताना मुलाला बसवून ठेवावे. जानेवारीत संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाण होते. तेव्हा डोक्यावरून पडणारी बोरे, हलवा आणि गोळ्या वेचायला मोठी मुले झेपावतात, पण जमिनीवर रांगणारे धाकटे भावंड तीच बोरे तोंडात घालते; त्याच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस आधीच नेमावा. एक वर्षाच्या आतील बाळाला खोकल्यावर मध चाटवण्याची पद्धत बंद करावी, कारण मधातील काही जिवाणूंचे बीज इतक्या लहान आतड्यात विष तयार करू शकते.

नातेवाइकांच्या मळ्यावर जाणार असाल तर वेलीवरची द्राक्षे मुलांना तोडू देण्यापूर्वी शेवटची फवारणी कधी झाली हे विचारावे. शेतकरी हा प्रश्न मुळीच वाईट मानत नाही. उलट, कोणत्या ओळीत जाऊ नये हे तोच सांगतो. पारा फार घसरला की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर केला जातो. तो पाहण्याची हौस मोठ्यांनी भागवावी, धाप लागणाऱ्या मुलाला मात्र त्या धुरात नेऊ नये.

बाहेर पडणे

रोज एक ठिकाण असा बेत लहान मुलांना मानवत नाही; एक दिवस बाहेर आणि एक दिवस घरी असा क्रम ठेवावा. नाताळ ते नववर्ष या दिवसांत मुंबई-पुण्याची गर्दी नाशिककडे वळते, त्यामुळे त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड आणि पंचवटी ही ठिकाणे स्थानिकांनी या दिवसांत टाळलेली बरी. आपल्याला ती वर्षभर मोकळी आहेत.

या ऋतूचे खरे ठिकाण म्हणजे निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तिथे उथळ पाणथळ तयार झाली आहे. २०२० मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला आणि महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ ठरले. छायाचित्रकार सूर्योदयाला पोहोचतात आणि पक्षीही त्याच वेळी सर्वाधिक हालचाल करतात, हे खरे आहे. तरीही लहान मुलांना घेऊन पहाटे पाण्याकाठच्या वाऱ्यात उभे राहण्यात अर्थ नाही. घरून न्याहारी करून निघावे, ऊन अंगावर आल्यावर पोहोचावे आणि बारापर्यंत परतावे. मुलांना यादीभर नावे सांगू नयेत. चारच पक्षी ठरवून द्यावेत: जांभळी पाणकोंबडी, चमच्यासारख्या चोचीचा चमचा, लांब लाल पायांचा शेकाट्या आणि नारिंगी रंगाचा चक्रवाक. पट्टकादंब दिसला तर हा पक्षी हिमालय ओलांडून आला आहे, एवढे सांगावे. दुर्बीण एकच असेल तर पाळी कोणाची हे गाडीतच ठरवून टाकावे.

शहराजवळच राहायचे असेल तर पांडवलेणी सोयीची आहेत. पायऱ्यांची चढण लहान मुले थांबत थांबत पार करतात, पण उतरताना त्यांचा हात धरावाच लागतो. लेण्यांचे तोंड साधारण उत्तरेकडे असल्यामुळे हिवाळ्यात आत सावली आणि गारवा असतो, म्हणून चढताना काढलेला स्वेटर खाली गाडीत ठेवू नये. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले सहा यक्ष आहेत. ते मुलांना दाखवावेत आणि खांबांच्या माथ्यावरचे प्राणी मोजायला सांगावेत. इतिहास त्यांना पुढे कळेल.

डिसेंबर संपता संपता आकाशात पतंग दिसू लागतात आणि येवल्यात तर संक्रांतीला तीन दिवस आसारी (मांजाची फिरकी) हातातून खाली ठेवली जात नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो रस्त्यावर आडवा लोंबकळताना आढळतो. दुचाकीवर मुलाला पुढे उभे करू नये. दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसवावे आणि चालवणाऱ्याने गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळावा. गच्चीवर पतंग उडवताना कठड्याची उंची मुलाच्या छातीपेक्षा जास्त असली तरी मोठे माणूस शेजारी असलेच पाहिजे.

संध्याकाळ, पाळी आणि पाहुणे

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि गारवा त्याच्या आधीच जाणवू लागतो. साडेचार-पाचला मुलांना घरात आणून घामाचे कपडे बदलावेत. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा पालक याच सुमारास घरी आलेला असतो. दुसऱ्या पाळीच्या पालकाकडे सकाळ असते. दोघांनी मिळून सुटीतल्या वेळा वाटून घेतल्या तर सगळा भार आजी-आजोबांवर पडत नाही.

अंधार पडल्यावरचे दोन तास सर्वांत कठीण असतात, कारण मोबाइल याच वेळी मागितला जातो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना मोबाइल-टीव्हीचा पडदा दाखवू नये, क्वचित नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलण्याचा अपवाद सोडून. आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना तो दिवसाला एक तासाहून अधिक दाखवू नये. तो तास याच वेळेसाठी राखून ठेवावा आणि सकाळी मुळीच देऊ नये. उरलेल्या वेळात जुन्या साड्या आणि खुर्च्या यांचे घर बांधणे, भोवरा फिरवणे किंवा तिळाचे लाडू वळणे चालते. पाक मात्र मोठ्यांनी हाताळावा आणि मिश्रण हाताला सोसेल इतके निवल्यावरच मुलांना द्यावे.

मुंबईहून येणारे नातेवाईक पातळ कपडे घेऊन येतात आणि पहिल्याच रात्री कुडकुडतात. दोन जादा रजया आणि मुलांच्या जुन्या कानटोप्या आधीच उन्हात टाकून ठेवाव्यात. त्यांना मिसळ खाण्यासाठी नेणारच असाल तर लहानांसाठी दही आणि पाव वेगळा मागवावा आणि न्याहारीच्या गर्दीआधी पोहोचावे. रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्या मुलाची समजूत कोणत्याही रश्श्याने घालता येत नाही.

सर्दी झालीच तर कोमट पाणी, विश्रांती आणि गरम वरणाचे पाणी द्यावे. खोकल्याचे औषध घरातल्या जुन्या बाटलीतून काढून देऊ नये. एक ते पाच वर्षांचे मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा ते काहीच पीत नसेल, तर सुटीचा दिवस असला तरी लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

शाळा उघडण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज वीस मिनिटांनी अलीकडे आणावी. सकाळच्या रिक्षात वारा थेट कानाला लागतो, म्हणून कानटोपी गणवेशाबरोबरच काढून ठेवावी. दुपारी परतताना स्वेटर अंगावर नको असतो आणि दप्तरात मावत नाही, त्यामुळे जानेवारीत शाळेत स्वेटर हरवण्याचे प्रमाण फार असते. कॉलरच्या आतल्या बाजूला मुलाचे नाव लिहिलेली पट्टी शिवून टाकावी.