प्रोजेक्टरवर चित्र दिसतं, पण आवाज येत नाही?

एचडीएमआय केबल जोडली की पडद्यावर चित्र येतं, आवाज मात्र गायब. चाळीस मुलं चुळबुळायला लागतात आणि आपण स्पीकरची पिन काढ-घाल करत बसतो. बहुतेक वेळा स्पीकर ठणठणीत असतो. केबल लागली की विंडोज चित्राबरोबर आवाजही प्रोजेक्टरकडे वळवतं, आणि प्रोजेक्टरमध्ये स्पीकर असलाच तर तो इतका बारीक, की मागच्या बाकापर्यंत काही पोचत नाही.

१. स्पीकरची पिन लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेत नीट, शेवटपर्यंत बसवा.

२. खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा.

३. विंडोज १० असेल तर आवाजाच्या पट्टीच्या वर लिहिलेल्या नावावर, ११ असेल तर पट्टीच्या उजवीकडच्या बाणावर क्लिक करा. यादी उघडते.

४. तिथे प्रोजेक्टरचं नाव निवडलेलं असेल. ते सोडून ‘स्पीकर्स’ किंवा ‘हेडफोन्स’ निवडा.

व्हिडिओ बंद करावा लागत नाही, तो चालू असतानाच आवाज सहसा स्पीकरवर येतो. मी हे मधल्या सुट्टीतच करून ठेवते. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं वायरींत गेली की फार वाईट वाटतं.

एक मात्र सांभाळा. आवाज येईना म्हणून आपण लॅपटॉपचा आणि स्पीकरचा, दोन्हीकडचा आवाज पूर्ण वाढवलेला असतो. चौथ्या पायरीआधी तो कमी करा, नाहीतर पुढच्या बाकावरची मुलं दचकून कान झाकतात.