शाळेच्या कार्यक्रमांना माणसं कशी आणायची, आणि आली की कामाला कशी लावायची

वर्षाच्या पहिल्या मीटिंगला कुणीतरी विचारतं, "यंदा कार्यक्रमांचं कोण बघणार?" आणि सगळे एकदम मोबाईलमध्ये डोकं घालतात, तुम्ही तेवढं नेमकं वर बघितलेलं असतं. झालं, पडलं गळ्यात. माझी मुलगी आठवीत असताना माझ्या असंच पडलं होतं, ती शाळेतून बाहेर पडली तरी मला अजून दर वर्षी नवीन पालकांचे, कधी नवीन टीचरचे फोन येतात, "ताई, कुठून सुरुवात करू?" म्हणून. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. हे सगळं माध्यमिक शाळेचं आहे हां, लहान मुलांच्या शाळेत पालक न बोलावता येतात, इथे तसं नसतं.

सुरुवात तारखांपासून. कुठला कार्यक्रम करायचा ते नंतर. एक मोठा कागद घ्या, त्यावर आधी परीक्षा, सुट्ट्या, स्पर्धांसाठी मुलं बाहेर जातात ते दिवस, मोठ्या मुलांच्या शेवटच्या परीक्षेच्या आधीचे दोन महिने हे सगळं खोडून टाका, मग जे उरेल त्यात बसवा. उरतं फारच कमी. म्हणून वर्षाला चार कार्यक्रम धरा, समजा एक खेळांचा, एक मुलांनी केलेल्या कामाचं प्रदर्शन, एक करिअरचा आणि एक माजी विद्यार्थ्यांचा, दहा केले तर दहाव्याला तुम्ही आणि शिपाईमामा दोघंच असता. आणि हो, तारीख जाहीर करायच्या आधी शिपाईमामांना विचारा, मुख्याध्यापकांना तर विचारालच. आम्ही एकदा सगळं ठरवलं, सगळ्यांना कळवलं, आणि मग कळलं की त्याच आठवड्यात हॉलला रंग लावायचं ठरलंय, जे मामांना महिनाभर आधीपासून माहीत होतं, पण त्यांना विचारलं कुणी?

तारीख पक्की झाली की सहा ते आठ आठवडे आधी नुसती तारीख कळवून ठेवा, बाकी डिटेल्स नंतर. मग दोन आठवडे आधी पूर्ण माहिती, आणि आदल्या दिवशी एक आठवण. तीन मेसेज बास. रोज मेसेज टाकणाऱ्याचा मेसेज लोक म्यूटवर टाकतात आणि मग खरंच काही बदललं तर कुणालाच कळत नाही. तारखेसोबत वार लिहा आणि वार कॅलेंडरमध्ये बघूनच लिहा, आमच्याकडे एकदा तारीख शनिवारची आणि वार शुक्रवार असं गेलं होतं, निम्मे एक दिवस आधी येऊन बंद गेटसमोर उभे.

नोटीस लिहिताना "कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की" हे काढून टाका. फोनवर नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळच दिसते, तिथे तारीख, वेळ, जागा यायला हवी, आनंद नंतर कळवा. पालकाला खरं काय हवं असतं माहितीये का, किती वाजता संपणार. सुरू व्हायची वेळ सगळे लिहितात, संपायची कुणी लिहीत नाही, आणि ज्याला नंतर शिफ्टला जायचंय किंवा घरी आजारी माणूस आहे तो म्हणतो जाऊ दे, कधी सुटका होईल काय माहीत. नंतर कुठल्या गेटने यायचं, गाडी कुठे लावायची, लहान भावंडाला आणलं तर चालेल का, आणि माझं पोर साधारण कितव्या नंबरला आहे. एवढं असलं की पुरे.

क्यूआर कोडची हल्ली सगळ्यांना हौस. पोस्टरवर लावा जरूर, पण साधारण हिशोब असा की जितक्या लांबून स्कॅन करायचाय त्याच्या एक दशांश तरी रुंदी हवी, म्हणजे दोन मीटरवरून करायचा तर २० सेंटीमीटरचा कोड. चारी बाजूंनी पांढरी जागा सोडा, तिथे फुलंबिलं काढायची नाहीत, नाहीतर स्कॅन होत नाही. आणि तोच कोड इमेज म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका हो, माणूस स्वतःचा फोन स्वतःच्याच फोनने कसा स्कॅन करणार? तिथे सरळ लिंक द्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा वाचायची सवय नाही त्यांना चिठ्ठी द्या किंवा एक फोन करा, त्यांच्या भाषेत कुणी व्हॉइस नोट करून दिली तर उत्तमच.

आता मुख्य मुद्दा, मदतीला माणसं मिळवणं. इथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

दोनशे जणांच्या ग्रुपवर "कोणी मदतीला येऊ शकेल का?" असं टाकलं की काय होतं? चार अंगठे, दोन जोडलेले हात, आणि शून्य माणसं. लोक वाईट आहेत म्हणून नाही होत हे. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने दोर ओढायचे प्रयोग केले होते, १९१३ मध्ये ते छापून आले, आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येक जण एकट्याने ओढतो त्याच्या साधारण निम्म्याच ताकदीने ओढत होता. मग १९६८ चा डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, त्यात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला फिटचा झटका आल्याचा आवाज इंटरकॉमवर ऐकू यायचा (खरा नव्हता, रेकॉर्डिंग होतं), ज्यांना वाटलं आपण एकटेच ऐकतोय त्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले, आणि ज्यांना वाटलं की अजून चौघं ऐकतायत त्यातले फक्त ३१ टक्के. चौघांनी ही गत, तुमच्या ग्रुपमध्ये दोनशे आहेत.

म्हणून ग्रुपवर मागायचं नाही, नाव घेऊन एकेकाला मागायचं. आणि मागताना काम एवढंसं आणि स्पष्ट. मी असं लिहायचे, "नमस्कार काका, शनिवारी ४ ते साडेपाच गेटपाशी उभं राहून येणाऱ्यांना हॉलचा रस्ता दाखवायला एक माणूस हवाय, तुमच्याबरोबर नववीचा एक मुलगा असेल. जमेल का? नाही जमलं तरी चालेल, बुधवारपर्यंत फक्त कळवा." बघा, यात वेळ आहे, काम आहे, सोबत कोण आहे ते आहे, आणि नाही म्हणायची वाट पण आहे. ही वाट ठेवली नाही तर माणूस नाही म्हणत नाही, नुसता गप्प बसतो, आणि ते जास्त त्रासाचं. दीड तासापेक्षा मोठी पाळी कुणालाच देऊ नका. नव्या माणसाला एकटं सोडू नका, जुन्यासोबत जोडी लावा, नाहीतर तो दीड तास खुर्चीवर बसून निघून जातो आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

वर्षाच्या सुरुवातीला एक छोटा फॉर्म फिरवा, तीनच प्रश्न: तुम्हाला काय येतं, कधी वेळ असतो, शाळेत येणं जमतं की घरून. "तुम्हाला काय करायला आवडेल" विचारू नका, लोक लिहितात "काहीही" आणि त्याचं काय करायचं मग? काय येतं विचारलं की कळतं, कुणी इलेक्ट्रिशियन आहे, कुणी नर्स, कुणाला शिवण येतं, कुणी हिशोबात पक्का. घरून करणाऱ्यांना कमी समजू नका, रात्री दहा वाजता बसून नावांची यादी टाइप करून देणारी एक आई आमच्याकडे होती, चार वर्षांत ती कार्यक्रमाला दोनदा आली असेल पण तिच्याशिवाय एकही कार्यक्रम झाला नसता. जॉयस एपस्टाईन म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासक आहेत, त्यांनी पालक-शाळा सहभागाचे सहा प्रकार सांगितलेत, त्यात येऊन मदत करणं हा फक्त एक, बाकी घरचं वातावरण, संवाद, घरी शिकण्याला हातभार, निर्णयात भाग घेणं आणि आजूबाजूच्या लोकांना जोडणं. त्यामुळे जो दिसत नाही त्याला काही पडलेली नाही असं लगेच ठरवू नका.

आजूबाजूच्या लोकांवरून आठवलं. शाळेच्या शेजारी राहणारे लोक, तिथले दुकानदार, यांना आपण फक्त देणगीच्या वेळी गाठतो. उलटं करा. आधी जाऊन सांगा की अमुक दिवशी इतक्या वाजेपर्यंत आवाज असेल, गाड्या असतील, त्रास झाला तर हा नंबर. मग कार्यक्रमाला बोलवा. पैशाचं तिसऱ्या भेटीत. पहिल्याच भेटीत पावतीपुस्तक काढलं की पुढच्या वेळी ते लांबूनच तुम्हाला बघून आत जातात.

माध्यमिकची वेगळी भानगड म्हणजे मुलांना आपल्या आईबापाची लाज वाटते. तेरा ते सोळाचं वय, आई शाळेत आली म्हणजे संकट. यावर उपाय सोपा आहे, कुठल्याही पालकाला स्वतःच्या मुलाच्या वर्गात ड्युटी द्यायची नाही, आणि देण्याआधी मुलाला विचारा म्हणावं. या वयात पालकांनी मानगुटीवर बसायची गरज पण नसते. हिल आणि टायसन या संशोधकांनी २००९ मध्ये या वयाच्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र तपासले, तर शाळेत येणाऱ्या पालकांचा थोडा फायदा दिसला, सगळ्यात जास्त संबंध दिसला तो घरी पुढच्या शिक्षणाबद्दल, अपेक्षांबद्दल बोलण्याचा, आणि गृहपाठाला बसून मदत करण्याचा काही चांगला संबंध दिसलाच नाही. म्हणून करिअरचा कार्यक्रम करताना मी म्हणेन भाषण ठेवूच नका. सहा टेबलं मांडा, प्रत्येकावर एका कामातला एक माणूस, दहा मिनिटांनी घंटा, मुलं पुढच्या टेबलावर. तासाभरात सगळ्यांचं सगळ्यांशी बोलून होतं. प्लंबरचं टेबल नक्की ठेवा, आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच आले आणि डॉक्टर जरा नाराज झाले.

मुलांकडून कामं करून घेतो असं सगळेच म्हणतात. खरं काय असतं, पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभं करतात आणि मोठ्यांनी लिहिलेलं भाषण पाठ करून घेतात. रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, सजावटीला ठेवणं आणि नावापुरतं घेणं, याला ते सहभाग मानतच नाहीत. आमचे बहुतेक कार्यक्रम दुसऱ्या पायरीवर होते. मग एका वर्षी साऊंड आणि स्टेज पूर्ण नववीच्या पोरांना दिलं, ठरलेली रक्कम पण त्यांच्याच हातात, एक टीचर फक्त विचारलं तर सांगायला. पहिल्या दिवशी मला धडकी भरली होती. त्यांनी काय करावं, प्रत्येक आयटमला कुठला माईक चालू, कुठला बंद याची यादी करून टेबलाला चिकटवली, जी आम्ही मोठ्यांनी इतक्या वर्षांत एकदाही केली नव्हती. दोन चुका झाल्या, होऊ द्यात. फक्त चूक झाली की माईक हिसकावायला धावू नका, मग पुढच्या वर्षी कुणी हात वर करत नाही.

काही गोष्टींत मात्र ढिलाई नाही. बाहेरचा कुणी मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत नको. फोटो टाकायला पालकांची परवानगी आधीच घ्या. उशीर होणार असेल तर कोण कुणाबरोबर घरी जाणार त्याची यादी. दारासमोर खुर्च्या नकोत, गर्दी वाढली तरी नको. पैसे जमले तर दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची, हॉल सोडायच्या आधी.

कार्यक्रमाच्या दिवशी माईकला नवीन बॅटरी, कालची चालली होती हे उत्तर नको. खुर्च्या अंदाजापेक्षा कमीच मांडा आणि बाकीच्या कडेला रचून ठेवा, शंभर खुर्च्यांवर साठ माणसं बसली तर हॉल ओस वाटतो आणि पन्नास खुर्च्यांवर तीच साठ आली तर लोक म्हणतात काय गर्दी होती. मागच्या दोन ओळींना दोरी लावा, नाहीतर सगळे मागे बसतात. आणि भाषणं सुरुवातीला एकगठ्ठा ठेवू नका, दोन आयटमच्या मध्ये एक, तीन मिनिटं, पाहुण्यांना आधीच सांगून. सांगायला अवघड वाटतं मला कळतं, तेव्हा आठवीतल्या एखाद्या धीट मुलीला वेळ दाखवायचं कार्ड देऊन समोर बसवा, तिच्यापुढे कुणी ताणत नाही.

संपलं की दोन दिवसांत आभार, ते पण एकेकाला, नाव घेऊन आणि काम लिहून, "गेटवर तुम्ही होतात म्हणून एकही आजी चुकून मैदानात गेली नाही" असं. ग्रुपवर "सर्वांचे आभार" टाकलं तर ते कुणालाच पोचत नाही, मदत मागितल्यासारखंच ते. आणि त्याच आठवड्यात वहीत लिहा, किती माणसं आली, काय कमी पडलं, काय उरलं, कोण येतो म्हणून आला नाही (त्याच्यावर राग धरू नका, पुढच्या वेळी घरून करायचं काम द्या), साऊंडवाल्याचा नंबर, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला ती वही द्या. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा, हॉलची किल्ली कुणाकडे असते आणि तो सुट्टीवर असेल तर दुसरी कुणाकडे.