रिमोटवरचा लेसर पॉइंटर: या चुका टाळा

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या 68 शिवलिंगांचा नकाशा भिंतीवर लावायचा आणि रिमोटनं लेसरचा लाल ठिपका एकेका लिंगावर नेऊन थांबवायचा. सोलापूरच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी यापेक्षा चांगला प्रोजेक्ट मला सुचत नाही. सामान साधं आहे: आर्डुइनो नॅनो (कोड टाकता येणारा छोटा बोर्ड), दोन एसजी-90 सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटारी), इन्फ्रारेड रिसीव्हर (रिमोटचा इशारा पकडणारा), लेसर मॉड्यूल. तरी घरी नीट चाललेलं यंत्र ऐन प्रदर्शनात रुसतं आणि खापर फुटतं कोडवर. कोड उघडण्याआधी वीज तपासा.

बटण दाबलं की सगळं रीसेट होतं

सर्व्हो थरथरतो, लेसर क्षणभर विझतो आणि ठिपका परत मूळ जागी येतो. हे लक्षण दिसलं की दोष जवळजवळ नेहमी पुरवठ्यात असतो. एसजी-90 अडला किंवा झटक्यात वळला की एकटाच सहाशे-सातशे मिलीअँपिअर ओढतो. दोन्ही एकदम हलले तर मागणी एक अँपिअरच्या वर जाते. नॅनोच्या 5 व्होल्टच्या पिनमधून एवढा करंट मिळत नाही, आणि 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला तर तो मुळीच झेपत नाही.

सर्व्होंना 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा वेगळा अडॅप्टर द्या. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सर्व्होंच्या अगदी जवळ, पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) बघून लावा. आणि अडॅप्टरचा ग्राउंड (उणे टोक) नॅनोच्या ग्राउंडला जोडा. ही एक वायर राहून गेली की सर्व्हो मनाला येईल तसा फिरतो. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर सर्व्होच्या वायरींवर धरून बटण दाबा. काटा किंवा आकडा साडेचार व्होल्टच्या खाली घसरला तर कोडला हात लावू नका.

रिमोट ऐकत नाही

आधी रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट उजेड दिसला तर रिमोट ठीक आहे. मग रिसीव्हरचे पाय बघा. टीसॉप-1738 या रिसीव्हरला समोरून डावीकडून ग्राउंड, पुरवठा, आउटपुट असा क्रम असतो. व्हीएस-1838 ला मात्र आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. दुकानदार एकाच्या जागी दुसरा सहज देतो, दिसायला ते सारखेच असतात, आणि उलटा जोडलेला रिसीव्हर गरम होऊन जातो. तिसरं कारण ऊन. खिडकीतून येणाऱ्या उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यात रिमोटचा 38 किलोहर्ट्झचा इशारा बुडतो. रिसीव्हरभोवती काळ्या कागदाची छोटी नळी करा आणि टेबल खिडकीपासून दूर घ्या.

बटण दाबून धरल्यावर ठिपका एकच पाऊल सरकून थांबत असेल तर रिमोट बिघडलेला नाही. एनईसी या इशारे पाठवायच्या पद्धतीचे रिमोट पहिल्यांदा पूर्ण कोड पाठवतात, नंतर नुसता ‘रिपीट’चा इशारा. तो ओळखून आधीचीच हालचाल पुढे चालवा. इंटरनेटवरचा जुना कोड आयआर-रिमोट या रिमोटचे इशारे वाचणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर चालत नाही, हेही बघून घ्या.

ठिपका हवा तिथं थांबत नाही

एक अंश म्हणजे तीन मीटरवर सुमारे पाच सेंटिमीटर. एसजी-90 चा डेडबँडच (ज्याहून लहान बदलाला तो हलत नाही ती मर्यादा) 10 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे साधारण एका अंशाएवढा असल्यामुळे कोडमध्ये त्याहून बारीक पावलं टाकून उपयोग नाही. यंत्र नकाशापासून एक मीटरवर आणा, तिथं तोच अंश पावणेदोन सेंटिमीटरचा होतो. थांबल्यावर ठिपका थरथरत असेल तर सर्व्हो पोचल्यावर डिटॅच करा, म्हणजे कोडमधून त्याचा सिग्नल बंद करा.

लेसर चालू राहू देऊ नका

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. हातातला पॉइंटर आपण वळवतो तिकडेच जातो. रिमोटवरचा मात्र रीसेट झाला की स्वतःहून फिरतो आणि समोर मुलं उभी असतात. म्हणून काहीही बिघडलं तरी लेसर बंदच राहील अशी रचना करा. मॉड्यूल थेट पिनवर न जोडता बीसी-547 या ट्रान्झिस्टरमधून चालवा. पिन ते त्याचा बेस 1 किलोओहमचा रेझिस्टर, आणि बेस ते ग्राउंड 10 किलोओहमचा. नॅनो सुरू होत असताना पिन अधांतरी असते, तेव्हा हा 10 किलोओहमचाच रेझिस्टर लेसर विझलेला ठेवतो. कोडमध्ये आधी सर्व्हो जागेवर आणा, मगच लेसरला परवानगी द्या. पाच सेकंद बटण दाबलं गेलं नाही तर तो आपोआप विझू द्या. सर्व्होचे कोन नकाशाच्या चौकटीपुरते बांधून टाका.

लेसर 1 मिलीवॉटच्या आतला घ्या. स्वस्तातलं हिरवं पेन नकोच: 532 नॅनोमीटरच्या हिरव्यासोबत त्यातून 808 आणि 1064 नॅनोमीटरचा न दिसणारा उजेडही येऊ शकतो, आणि न दिसणाऱ्या उजेडाला डोळा मिटत नाही. नकाशा लॅमिनेट करू नका, चकचकीत पृष्ठभागावरून किरण उलटा येतो. आणि गच्चीवर नेऊन आकाशाकडे तर कधीच रोखू नका. होटगी रस्त्याच्या विमानतळावरून 2025 पासून प्रवासी विमानं उडतायत.

उरलं मे महिन्याचं. लाल डायोडला उष्णता सोसत नाही. पत्र्याच्या खोलीत चाळिशीपार पारा गेला की ठिपका फिका पडतो, आणि सतत चालू ठेवला तर डायोडचं आयुष्य घटतं. मॉड्यूल हाताला चटका देत असेल तर आधी त्याला 5 व्होल्टच मिळतायत ना, ते मोजा. पितळी आवरण धातूच्या पट्टीवर बसवताना मध्ये इन्सुलेशन टेप लावा, कारण पुष्कळ मॉड्यूलमध्ये ते आवरण पॉझिटिव्हला जोडलेलं असतं.