मॉडेलमध्ये नळाचे आटे, पण नहाणी ट्रॅप गायब: रेव्हिटमधल्या या चुका टाळा

रेव्हिटची, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची, फाइल उघडायला टाकायची, चहा घेऊन यायचं, तरी खालची पट्टी अर्ध्यावरच. इमारत साधी निवासी, चौदा मजल्यांची. पण नुसता व्ह्यू बदलला तरी स्क्रीन गोठायची. शेवटी टॉयलेटमधला बेसिन मिक्सर उघडून पाहिला. नेटवरून जसाच्या तसा उतरवलेला. आत कार्ट्रिज, वॉशर आणि स्क्रूवर एकेक आटा कोरलेला. असे ११२ मिक्सर. त्याच मॉडेलमध्ये फरशीवरचं पाणी वाहून नेणारा नहाणी ट्रॅप म्हणजे फरशीवर काढलेला एक गोल.

साइटवरून मिक्सरबद्दल कधीच काही विचारणा झाली नाही. ट्रॅपबद्दल मात्र फोन आला. "साहेब, सन्कन दोनशेचाच आहे. पाइप बसवू कुठं?" सन्कन म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेला टॉयलेटचा स्लॅब, इथे २०० मिमी. हिशेब अगदी सोपा होता. पाइप ११० मिमी, उभ्या पाइपांच्या शाफ्टपर्यंत अंतर २.४ मीटर, उतार चाळीसला एक, म्हणजे ६० मिमी. १७० इथेच झाले. वर बेडिंग आणि टाइल मिळून साधारण ६०. एकूण २३०, आणि वॉटरप्रूफिंगची जाडी अजून धरलेलीच नाही. ट्रॅप खऱ्या उंचीचा आणि पाइप खऱ्या उताराचा असता, तर सेक्शन कापताक्षणी हे दिसलं असतं. त्यासाठी आटे लागत नव्हते, दोन साधी नळकांडी पुरली असती.

तेव्हापासून कुठलाही घटक काढण्याआधी मी एवढंच बघतो: याला कोण, काय विचारणार आहे? प्लंबर ट्रॅपची खोली विचारतो. बिलिंगवाला मिक्सरचे नग विचारतो. प्लॅनला त्याच्या चार रेषा हव्या असतात. यापलीकडे जे काढलं, ते हौसेखातर.

"सगळं मॉडेल एलओडी ३०० करा"

करारात हे वाक्य दिसलं की तिथेच थांबा. एलओडी (लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट), म्हणजे किती तपशील काढायचा त्याची पायरी, घटकाची असते, अख्ख्या मॉडेलची नसते. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने, एआयएने, २००८च्या ई२०२ या करारपत्रात १०० ते ५०० अशा पायऱ्या घातल्या. २०१३मध्ये बीआयएमफोरम या तिथल्याच संस्थेच्या तपशीलपत्रात ३५० आली. ३५०चा अर्थ असा की घटक शेजारच्या घटकांना कुठे भिडतो, कुठे टेकतो, कशाने जोडला जातो, तेही मॉडेलमध्ये असायला हवं. आपल्या साइटवरची निम्मी भांडणं याच पायरीवरची. ट्रॅपला ३५० हवी, मिक्सरला २०० खूप झाली.

५००बद्दलही गैरसमज आहे. ५०० म्हणजे सगळ्यात बारीक नक्षी नव्हे. प्रत्यक्ष जागेवर पडताळून नोंदवलेला घटक. तो दिसायला ठोकळा असला तरी चालतो. क्लायंटकडून एक पानी तक्ता मागून घ्या: घटक कोणता, कोणत्या टप्प्याला किती तपशील, काढणार कोण. तक्ता द्यायला ते टाळाटाळ करतात. मग आपणच भरून सहीला पाठवावा, लवकर काम होतं.

कागदावर न दिसणारी रेष

१:१००च्या प्लॅनवर १२ मिमीचं प्लास्टर कागदावर ०.१२ मिमी होतं. प्रिंटमध्ये दोन रेषा चिकटून एक जाड काळी रेष दिसते आणि मग लाइनवेट (रेषेची जाडी) बिघडलं म्हणून दिवसभर शोधाशोध. लाइनवेट ठीकच असतं. व्ह्यूची डिटेल लेव्हल फाइनवरून (बारीक) कोअर्सवर (ढोबळ) आणा, थर नाहीसे होतात. १:२०च्या डिटेलमध्ये तेच प्लास्टर ०.६ मिमी दिसतं, तिथे ते दाखवावं. चौकटीचा होल्डफास्ट (भिंतीत रोवायची पट्टी), ड्रिप मोल्ड (पाणी खाली ठिबकवणारी खाच) अशा गोष्टी थ्रीडीत काढूच नका. त्या डिटेल व्ह्यूमध्ये टूडी कंपोनंट म्हणून टाका.

बिलाशी आकडे जुळत नाहीत

प्लास्टरचं क्षेत्रफळ मॉडेलमधून काढलं आणि कंत्राटदाराच्या बिलापेक्षा कमी आलं, तर लगेच कुणावर संशय घेऊ नका. मॉडेल प्रत्येक खिडकी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वजा करतं. बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाची, आयएस १२००ची, मोजणी तशी नाही. ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावटच होत नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरच्या जागेची, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची होते. म्हणजे १.२ बाय १.३५ मीटरच्या प्रत्येक खिडकीमागे १.६२ चौरस मीटरचा फरक पडणार. तो जुळवायला भिंतीत आणखी थर घालणारे मी पाहिलेत. उपाय शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून आपोआप निघणाऱ्या तक्त्यात आहे: खिडक्यांच्या शेड्यूलला क्षेत्रफळाचा रकाना जोडा आणि वजावटीचा हिशेब तिथे जुळवा.

शेड्यूलमध्ये नग येत नाहीत

कारण बहुतेक वेळा कॅटेगरी (घटकाचा वर्ग) असते. घाईत 'जेनेरिक मॉडेल' या सर्वसाधारण कॅटेगरीत बनवलेलं कमोड प्लंबिंग फिक्स्चरच्या शेड्यूलमध्ये येणार नाही. फॅमिली (घटकाची मूळ फाइल) उघडून कॅटेगरी बदला. कॅटेगरी बरोबर असूनही नग कमी येत असतील, तर ती फॅमिली दुसऱ्या फॅमिलीच्या पोटात आहे आणि 'शेअर्ड'ची खूण करायची राहिली आहे.

इन-प्लेस मॉडेलची, म्हणजे वेगळी फॅमिली न बनवता प्रोजेक्टमध्येच घटक काढायची, सवय याहून वाईट. एकदाच येणाऱ्या वाकड्यातिकड्या जिन्यासाठी ठीक आहे. पण गॅलरीचं रेलिंग इन-प्लेस काढून चौदा मजल्यांवर कॉपी केलं, तर प्रत्येक कॉपी स्वतंत्र प्रकार होते. मग क्लायंट म्हणतो, उंची ५० मिमीने वाढवा. बसा चौदा वेळा.

खिडकीची रुंदी टाइप पॅरामीटरच ठेवा, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या खिडक्यांना एकच माप. इन्स्टन्स, म्हणजे नगागणिक वेगळी ठेवली, तर कुणीतरी कोपऱ्यातली एक खिडकी ओढून १०० मिमीने बारीक करतो आणि डब्ल्यू१च्या नावाखाली दोन मापं साइटवर जातात. उलट पाइप टांगायच्या हँगर रॉडची लांबी इन्स्टन्सच हवी, नाहीतर प्रत्येक लांबीला नवा टाइप.

फाइल जड झाली तर

आधी मूळ शोधा. 'सेव्ह ॲज'मध्ये लायब्ररी, तिथून फॅमिली निवडा आणि सगळ्या फॅमिली एका रिकाम्या फोल्डरमध्ये काढा. फोल्डर आकारमानानुसार लावला की चोर सगळ्यात वर दिसतात. दार-खिडकी एक-दोन एमबीच्या पुढे गेली असेल तर आत इंपोर्ट केलेलं कॅड असणार असं मी धरूनच चालतो. त्यावर ठोकळे रचून घ्या आणि इंपोर्ट काढून टाका. नुसतं लपवून चालत नाही. व्हिजिबिलिटी सेटिंगने व्ह्यू हलका होतो, फाइलचं वजन तेवढंच राहतं. नंतर पर्ज करा, म्हणजे न वापरलेलं काढून टाका, तेही दोन-तीनदा. वरची फॅमिली गेल्यावरच तिच्या पोटातली निरुपयोगी ठरते.

आमच्या मिक्सरचा आता एक ठोकळा, एक वाकडी नळी आणि प्लॅनसाठी चार सिम्बॉलिक रेषा झाल्यात. कॅटलॉग नंबर पॅरामीटरमध्ये लिहिलाय. वीस मिनिटांत झाला. नहाणी ट्रॅपला मात्र अख्खी दुपार गेली.